पॅडेलच्या रॅकेटची जडणघडण आणि मध्यम पातळीवरील खेळाडूची निवड

प्रस्तावना :

क्रीडेतिहासात खेळाडू, स्पर्धा आणि विक्रम यांची नोंद तपशिलाने होते. ज्या साधनाने खेळ खेळला जातो त्याची हकिकत मात्र बहुधा उत्पादकाच्या माहितीपत्रकापुरतीच राहते. पॅडेल या खेळाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हा खेळ अवघ्या साडेपाच दशकांचा असून तेवढ्या काळात त्याचे साधन लाकडी फळीपासून कार्बन तंतूंच्या थरांपर्यंत येऊन पोहोचले आहे. आज या खेळाची रॅकेट घेण्यास जाणाऱ्या व्यक्तीला प्रथम तिची पातळी विचारली जाते : नवशिका, मध्यम की प्रगत? नवशिक्याला काय द्यावे याविषयी फारसा वाद नाही. प्रगत खेळाडूला आपले हवे-नको ठाऊक असते. पेच पडतो तो मध्यम पातळीवरील खेळाडूपुढे. त्याला नवशिक्याची रॅकेट अपुरी वाटू लागलेली असते आणि विजेत्याची रॅकेट पेलण्याइतका त्याचा हात तयार झालेला नसतो. प्रस्तुत लेखात या 'मध्यम' खेळाडूचा प्रश्न रॅकेटच्या इतिहासात कसा आला, कोणत्या तांत्रिक बदलांशी तो निगडित आहे आणि त्या इतिहासाच्या आधारे निवडीकडे कसे पाहावे, याचा विचार केला आहे.

फळीचे पूर्वज :

पॅडेलच्या साधनाला रॅकेट म्हणणे हे खरे पाहता सोयीचे नामकरण आहे. रॅकेट म्हटले की तारा विणलेली चौकट डोळ्यांपुढे येते. येथे तारा मुळीच नाहीत. स्पॅनिश भाषेत तिला 'पाला' म्हणतात. या शब्दाचा रोजचा अर्थ फावडे असा असून बास्क प्रदेशात भिंतीवर चेंडू मारण्याच्या पारंपरिक खेळातील लाकडी फळीलाही हेच नाव आहे. मराठी भाषक टेबल टेनिसच्या साधनास 'बॅट' म्हणतात, त्याच न्यायाने पॅडेलच्या साधनासही बॅट म्हणणे अधिक अन्वर्थक ठरले असते. हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. तारांच्या रॅकेटमध्ये तारेचा ताण कमी-जास्त करून खेळाडूला आपले साधन हवे तसे जुळवून घेता येते. पॅडेलच्या भरीव फळीत ही सोय नाही. साधन विकत घेतले त्या दिवशी त्याचा स्वभाव बव्हंशी ठरून गेलेला असतो. निवडीच्या क्षणाला या खेळात एवढे महत्त्व येते ते यामुळे.

भरीव फळीने टेनिससारखा खेळ खेळण्याची कल्पना अमेरिकेत जुनी आहे. मिशिगन राज्यातील अल्बियन येथे फ्रँक बील याने १८९८ साली लहान मुलांसाठी लहान मैदानावरील पॅडल टेनिस सुरू केले. पुढे तो खेळ न्यूयॉर्कच्या सार्वजनिक उद्यानांत रुजला. १९२८ साली न्यूयॉर्कजवळील स्कार्सडेल येथे फेसेन्डेन ब्लँचर्ड आणि जेम्स कॉग्सवेल यांनी हिवाळ्यात खेळता यावे म्हणून लाकडी चौथऱ्यावर तारेच्या जाळीने वेढलेले मैदान तयार केले. जाळीवरून परतलेला चेंडू खेळण्याची मुभा तेथे मिळाली. या दोन्ही खेळांत फळी लाकडीच होती.

पॅडेलचा प्रारंभ १९६९ सालचा. मेक्सिकोतील अकापुल्को येथील आपल्या घराच्या आवारात एन्रिके कोर्कुएरा यांनी भिंतींनी वेढलेले मैदान बांधले. टेनिसच्या पूर्ण मैदानाला जागा नव्हती आणि चेंडू आवाराबाहेर जाऊ नये म्हणून भिंती आवश्यक होत्या. त्या भिंतीच पुढे खेळाचा अविभाज्य भाग बनल्या. आज प्रमाण मानले जाणारे २० मीटर लांब व १० मीटर रुंद मैदान याच परंपरेतले. कोर्कुएरा यांचे मित्र अल्फोन्सो दे होहेनलोहे यांनी १९७४ साली हा खेळ स्पेनमधील मार्बेया येथे नेला आणि तेथून तो अर्जेंटिनात पोहोचला. श्रीमंतांच्या उपवनगृहांत जन्मलेला हा खेळ अर्जेंटिनात मात्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सामान्य मध्यमवर्गाचा झाला. शहरोशहरी सिमेंटच्या भिंतींची मैदाने उभी राहिली. तासाचे भाडे भरून कोणीही खेळू लागला. 'मध्यम पातळीचा खेळाडू' हा समाजवर्ग म्हणून या खेळात प्रथम अवतरला तो येथे. चौघे मित्र कामावरून सुटल्यावर येतात, तास-दीड तास खेळतात, आठवड्यातून दोनदा भेटतात. त्यांना स्पर्धा जिंकायची नसते. मात्र आपला खेळ सुधारावा असे वाटत असते.

टेनिसमधील एक पूर्वपीठिका :

पॅडेलमधील रॅकेट अद्याप लाकडी असतानाच सामान्य खेळाडूच्या अडचणीचा शास्त्रीय विचार टेनिसमध्ये झाला होता. त्याची ओळख करून घेतल्याखेरीज पॅडेलमधील पुढील घडामोडींचा अर्थ नीट लागत नाही.

हॉवर्ड हेड हा अमेरिकन अभियंता. धातूची स्की तयार करून त्याने नाव आणि पैसा मिळविला, १९६९ साली कंपनी विकली आणि निवृत्तीत टेनिस शिकू लागला. तो चांगला टेनिसपटू नव्हता, ही गोष्ट येथे महत्त्वाची. चेंडू रॅकेटच्या मध्यावर न लागता कडेला लागला की रॅकेट हातात पिळली जाते, हा त्याचा रोजचा अनुभव होता. अव्वल खेळाडूला ही अडचण क्वचित येत असल्याने तिच्याकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते. वस्तूचा पिळण्यास होणारा विरोध केवळ वस्तुमानावर नव्हे, तर ते वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावर अवलंबून असतो, हे पदार्थविज्ञानातील सर्वपरिचित तत्त्व त्याने वापरले आणि रॅकेटचे डोके रुंद केले. तोवर सुमारे ७० चौरस इंच असलेले डोके त्याच्या 'प्रिन्स' रॅकेटमध्ये ११० चौरस इंचांच्या घरात गेले. या रचनेचे अमेरिकन पेटंट त्याला १९७६ साली मिळाले. आरंभी या रॅकेटची थट्टा झाली. म्हाताऱ्यांची आणि हौशी लोकांची रॅकेट म्हणून ती हिणवली गेली. १९७८ साली सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर तीच रॅकेट घेऊन अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचली, तेव्हा थट्टा थांबली. काही वर्षांतच लाकडी रॅकेट मोठ्या स्पर्धांतून दिसेनाशी झाली.

या प्रकरणातून एक बाब स्पष्ट होते. रॅकेटच्या इतिहासातील एक मूलभूत सुधारणा विजेत्याच्या गरजेतून न येता चुकणाऱ्या हाताच्या गरजेतून आली आणि विजेत्यांनी ती नंतर उचलली. बाजारातील प्रचलित समजूत नेमकी उलट आहे. विजेत्याने वापरलेले साधन हळूहळू खाली उतरत सामान्यांपर्यंत येते, असे गृहीत धरूनच जाहिराती केल्या जातात.

नियमांची चौकट आणि तिचे परिणाम :

पॅडेलला हेडचा मार्ग चोखाळता आला नाही. १९९१ साली माद्रिद येथे आंतरराष्ट्रीय पॅडेल महासंघाची स्थापना झाली, १९९२ साली स्पेनमध्ये पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा भरली आणि नियमांना एकरूपता येत गेली. या नियमांनी रॅकेट एका पेटीत बंदिस्त केली आहे : लांबी जास्तीत जास्त ४५.५ सेंटीमीटर, रुंदी २६ सेंटीमीटर, जाडी ३८ मिलिमीटर. मधल्या भागातील छिद्रांचा व्यासही ९ ते १३ मिलिमीटरच्या मर्यादेत असावा लागतो. मनगटाला दोरी अडकविणे सक्तीचे आहे. चौघे खेळाडू काचेच्या आणि जाळीच्या पिंजऱ्यात एकमेकांच्या इतक्या जवळ असतात की सुटलेली रॅकेट हे अस्त्रच ठरावे.

रुंदीवर मर्यादा आल्यामुळे डोके मोठे करून चूक पोटात घेणारी रॅकेट बनविण्याची वाट बंद झाली. उत्पादकांच्या हाती तीनच गोष्टी उरल्या : या पेटीच्या आतला आकार, वस्तुमानाची मांडणी आणि साहित्य. पॅडेलच्या रॅकेटचा त्यानंतरचा सगळा इतिहास या तिहींमध्ये सामावलेला आहे.

साहित्यात झालेला बदल सर्वांत मोठा. लाकूड मागे पडून संमिश्र साहित्याची रॅकेट रूढ झाली. आत फोमचा गाभा, बाहेर काचतंतू किंवा कार्बन तंतू राळेत बसवून केलेले पृष्ठ आणि कडेने तंतूंचीच नळीवजा चौकट, अशी तिची सर्वसाधारण रचना. गाभ्यासाठी एथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे बोलीत 'ईव्हीए' म्हणतात ते रबरासारखे द्रव्य सर्वाधिक वापरले जाते. पॉलिएथिलीनचा अधिक मऊ फोमही काही रॅकेटमध्ये असतो. पृष्ठाच्या वर्णनात आढळणारे '३ के', '१२ के', '१८ के' हे आकडे अनेकांना दर्जाचे निदर्शक वाटतात. प्रत्यक्षात एका जुडग्यात कार्बनचे किती हजार तंतू आहेत, एवढेच ते सांगतात. तीन हजारांहून अठरा हजार श्रेष्ठ, असा त्याचा अर्थ होत नाही. विणीची पद्धत, थरांची संख्या आणि राळ यांवर पृष्ठाचा ताठरपणा ठरतो.

गाभा आणि पृष्ठ यांच्या संयोगाचा परिणाम मात्र खेळाडूला लगेच जाणवतो. मऊ गाभा आणि काचतंतूंचे लवचीक पृष्ठ हळू फटक्यातही चेंडू सहज परत फेकते. ताठर पृष्ठ आणि कठीण गाभा चेंडूला स्वतःहून फारसे काही देत नाही. ज्याचा फटका मुळातच वेगवान आहे त्याला मात्र तो अचूक आणि जोरदार प्रतिसाद देतो. माहितीपत्रकांत 'ताकदीची रॅकेट' असा शब्दप्रयोग असतो, त्यातील दिशाभूल येथे आहे. ताठर रॅकेट ताकद देत नसून खेळाडूची असलेली ताकद वाया जाऊ देत नाही. ज्याच्यापाशी ती नाही त्याला त्या रॅकेटने खेळताना चेंडू जाळीपर्यंतच पोहोचतो आणि दोष आपल्या हाताचाच आहे असे वाटत राहते.

आकार आणि तोल :

आकाराचे तीन प्रकार रूढ झाले : गोल, थेंबाकृती आणि हिऱ्याच्या आकाराचा. गोल रॅकेटमध्ये वस्तुमान मुठीच्या बाजूस अधिक असते आणि चेंडू नेमका बसावा असा भाग मोठा व मध्यावर असतो. हिऱ्याच्या आकारात वस्तुमान टोकाकडे सरकते आणि तो भागही लहान होऊन वर जातो. थेंबाकृती या दोहोंच्या मधली. नवशिक्यास गोल, मध्यमास थेंब, प्रगतास हिरा, हे समीकरण विक्रेत्यांच्या तोंडी इतके रुळले आहे की तो जणू निसर्गनियमच वाटावा.

आकारापेक्षा तोल अधिक बोलका असतो. बाजारातील बहुतेक रॅकेटचे वजन ३५० ते ३८० ग्रॅमच्या दरम्यान असते आणि मुठीच्या टोकापासून तोलबिंदू साधारणतः २५ ते २७ सेंटीमीटरवर असतो. हे फरक कागदावर क्षुल्लक दिसतात, हातात मात्र नव्हे. मुठीपासून २० सेंटीमीटरवर असलेले १० ग्रॅम वस्तुमान ४० सेंटीमीटरवर नेले, तर रॅकेट फिरविण्यास होणारा त्याचा विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणूनच ३६० ग्रॅमची टोकाकडे जड असलेली रॅकेट ३७० ग्रॅमच्या मुठीकडे जड असलेल्या रॅकेटपेक्षा हातास अधिक जड वाटू शकते. दुकानात वजनकाट्याचा आकडा विचारणारे पुष्कळ. एका बोटावर रॅकेट तोलून पाहणारे थोडेच. एक साधा हिशेब येथे देण्यासारखा आहे. ३६० ग्रॅमची आणि २६ सेंटीमीटरवर तोल असलेली रॅकेट घेऊन तिच्या मुठीवर सहा ग्रॅमची जादा ग्रिप गुंडाळली, तर तोलबिंदू सुमारे तीन मिलिमीटर मुठीकडे सरकतो. नवी रॅकेट घेण्यापूर्वी अल्प खर्चात करता येण्याजोगा हा प्रयोग आहे.

'मध्यम' म्हणजे कोण?

पूर्वी क्लबातील प्रशिक्षक किंवा जुना भिडू एखाद्याची पातळी सांगत असे. स्पेनमध्ये स्पर्धांची पहिली, दुसरी, तिसरी अशी वर्गवारी होती आणि प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असे. अलीकडे मैदानाच्या आरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या मोबाइल ॲपनी ही पातळी आकड्यात आणली. माद्रिद येथे २०१७ साली सुरू झालेल्या 'प्लेटोमिक'वर ती ० ते ७ अशी मोजली जाते. समान ताकदीचे भिडू जुळविण्यासाठी हा आकडा उपयुक्त आहे. रॅकेटच्या निवडीसाठी मात्र तो पुरत नाही, कारण तो सामन्यांच्या निकालांतून येतो. हात कोठे चुकतो हे तो सांगत नाही.

मध्यम खेळाडूची खरी ओळख त्याच्या चुकांवरून पटते. नवशिक्याचा चेंडू भिंतीवरून परत आला की गोंधळ उडतो. मध्यम खेळाडू तो परतवितो, परंतु फटका बहुधा उशिरा होतो. जाळीजवळ तो उभा राहू शकतो, पण डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूवर त्याला निर्णय घ्यावा लागतो : जोराने मारावा की 'बांदेहा' खेळावा? बांदेहा म्हणजे स्पॅनिशमध्ये तबक. तबक तोलून धरल्यासारखा हात करून चेंडू सावकाश, खोल आणि तिरका सोडणे, असा हा फटका. मध्यम पातळीवरील बहुतांश काळ तो शिकण्यात जातो. या फटक्याला ताकदीपेक्षा वेळेवर येणारी रॅकेट हवी असते. टोकाकडे जड असलेली हिऱ्याच्या आकाराची रॅकेट येथे उशीर करते आणि उशिरा लागलेला चेंडू मागच्या काचेवर उंच उडून प्रतिस्पर्ध्याच्या हाती सोपा फटका देतो. याउलट जो खेळाडू मैदानाच्या डाव्या बाजूस खेळतो, उंच आहे आणि ज्याचे गुण मुख्यतः उंच चेंडू ठोकण्यातून येतात, त्याला तोल थोडा वर असणे लाभदायक ठरू शकते. दोघांनाही ॲप एकच आकडा देईल.

आकाराचे समीकरण शिखरावरील खेळाडूही पाळत नाहीत. २०२३ पासून आर्तुरो कोएयोसह जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचलेला अर्जेंटिनाचा अगुस्तिन तापिया याच्या नावाची 'नॉक्स एटी १०' ही रॅकेट थेंबाकृती आहे. विक्रेत्यांच्या समीकरणानुसार ती मध्यम खेळाडूची ठरावी. मिगेल लाम्पेर्ती हा जोरदार, आक्रमक फटक्यांसाठी ख्यात असलेला खेळाडू. त्याच्या नावाने विकली जाणारी 'एमएल १०' गोल आहे. अर्थात तापियाच्या नावाची रॅकेट थेंबाकृती आहे म्हणून ती मध्यम खेळाडूने घ्यावी, असा उलटा निष्कर्षही चुकीचा ठरेल. आकार तोच असला तरी पृष्ठाचा ताठरपणा वेगळा असू शकतो आणि एकाच नावाखाली निरनिराळ्या पृष्ठांच्या आवृत्त्याही विकल्या जातात.

हात, हवामान आणि काळ :

चुकीच्या निवडीची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्याचा 'लॉन टेनिस एल्बो' असा उल्लेख ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १८८३ साली, म्हणजे त्या खेळाच्या अगदी बाल्यावस्थेत आलेला आहे. या दुखण्याची कारणे अनेक असून त्याचा सगळा दोष रॅकेटवर टाकणे अशास्त्रीय ठरेल. तथापि टोकाकडील वजन, ताठर पृष्ठ आणि मध्याबाहेर लागणारे फटके ही तिन्ही एकत्र आली की अग्रबाहूच्या स्नायूंवरील भार वाढतो. मध्यम खेळाडूच्या हातात विजेत्याची रॅकेट आली की तिन्ही एकत्र येतात.

महाराष्ट्राच्या संदर्भात याला एक विशेष पैलू आहे. मुंबई-पुण्यात २०२० नंतरच्या काळात पॅडेलची मैदाने उभी राहिली आणि तेथे येणाऱ्यांत बॅडमिंटन खेळून आलेले पुष्कळ आहेत. ज्या पुण्यात १८७० च्या दशकात ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी बॅडमिंटनचे नियम बांधले आणि ज्या गावाचे नावच काही काळ त्या खेळाला चिकटले, तेथे हे स्वाभाविकच म्हणावे. बॅडमिंटनची रॅकेट ८०-९० ग्रॅमची असते आणि तिचा सगळा खेळ मनगटाच्या झटक्यावर चालतो. तोच झटका चौपट वजनाच्या फळीला देण्याची सवय कोपराला महाग पडते. चेंडूचा अंदाज, जाळीजवळची चपळाई आणि दुहेरीतील समज हे गुण असा खेळाडू बरोबर घेऊन येतो. त्यामुळे तो पाहता पाहता मध्यम पातळी गाठतो आणि आकड्याच्या जोरावर त्याला लवकरच जड रॅकेट सुचविली जाते. त्याच्या बाबतीत पातळी आणि हाताची तयारी यांतील अंतर सर्वांत मोठे असते. हलकी, मुठीकडे तोल असलेली आणि मऊ गाभ्याची रॅकेट त्याने इतरांहून अधिक काळ वापरणे श्रेयस्कर होय.

हवामानाचा विचार स्पेनमधून आलेल्या शिफारशींत वेगळ्या अंगाने केलेला असतो. फोम थंडीत कडक होतो आणि उष्णतेत मऊ पडतो. माद्रिदच्या हिवाळ्यासाठी मऊ गाभा सुचविणारा सल्ला मुंबईच्या मे महिन्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे अतिशय मऊ गाभ्याची रॅकेट लिबलिबीत वाटू शकते आणि मध्यम घनतेचा ईव्हीए गाभा अधिक समाधानकारक ठरतो. उन्हात बंद मोटारीत रॅकेट ठेवणे हा तर ती लवकर निकामी करण्याचा खात्रीचा उपाय आहे.

लाकडी फळी निकामी झाली की ती तडकत असे आणि ते दिसत असे. संमिश्र साहित्याच्या रॅकेटचे तसे नाही. पृष्ठ शाबूत राहते, रंग टिकतो. आतला फोम मात्र हजारो आघातांनी आपला प्रतिसाद गमावत जातो. म्हणून वापरलेली रॅकेट स्वस्तात घेताना तिच्या चकाकीवर विसंबता येत नाही. ती आणि ओळखीच्या कोणाची त्याच प्रतीची नवी रॅकेट एकाच संध्याकाळी आलटून पालटून वापरावी, भिंतीवरून परतलेले वीस चेंडू एकीने आणि वीस दुसरीने मारावेत आणि ते मैदानात कोठे पडले हे भिड्याला मोजायला सांगावे.